समास

वहीचे नवे पान उघडले की आधी समास आखावा, हे मी गेली अठ्ठावीस वर्षे मुलांना सांगत आलो आहे. आमच्या इंदूरची मुले त्याला ‘हाशिया’ म्हणतात. घरी आपण समासच म्हणतो. कागदावरच्या या कोऱ्या पट्टीचा माणसाच्या प्राणाशी काही संबंध असू शकेल, असे मात्र गेल्या श्रावणापर्यंत माझ्या ध्यानी आले नव्हते.

आमच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक अण्णा, यांचा आवाज दोन महिने बसला होता. ज्येष्ठमध झाला, खडीसाखर झाली, हळदीचे दूध झाले; शाळा सुटल्यानंतरची सिगारेट तेवढी सुटली नव्हती. घसा तीन आठवडे बसलेला राहिला तर तज्ज्ञाकडून स्वरयंत्र पाहून घ्यावे, ही साधी गोष्ट आम्हा शिकल्यासवरल्यांपैकी एकालाही सुचली नाही. शेवटी तपासणी झाली, डाव्या स्वरतंतूवर कर्करोग निघाला. रोग अगदी आरंभीचा होता. तोंडावाटे दुर्बीण घालून लेसरने तो काढला.

पंधरवड्याने वहिनी अहवाल घेऊन आल्या. “भाऊजी, यात काय लिहिलंय ते नीट सांगा. हे काही बोलतच नाहीत.” काढलेल्या तुकड्याची एक कड रोगापासून एक मिलिमीटरही दूर नाही, असे त्यात होते. पुण्याच्या मुलाने कोठेतरी वाचले होते की, रोगाभोवती पाच मिलिमीटर निरोगी भाग निघालाच पाहिजे. अण्णांचा हिशेब तयार होता: “पाचांपैकी एकसुद्धा नाही. डॉक्टरांनी कंजुषी केली.”

तिघे मिळून शल्यचिकित्सकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे जे सांगितले, त्याने माझ्याही डोळ्यांवरची झापड उडाली. पाचाचे माप मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाचे. जिभेचा पाच मिलिमीटर भाग अधिक गेला तरी माणूस निभावून नेतो. पुरुषाचा सबंध स्वरतंतू मात्र जेमतेम दोन सेंटिमीटरांचा. तेथे पाचाचा समास सोडायचा म्हणजे मजकुराला पानच उरत नाही. निसर्गाने येथे एक सवलतही ठेवली आहे. स्वरतंतूच्या काठाशी लसवाहिन्या फार विरळ असतात, त्यामुळे आरंभीचा रोग बराच काळ जागच्या जागी राहतो. म्हणून या ठिकाणी एकदोन मिलिमीटरांची निरोगी कड पुष्कळदा पुरेशी मानतात.

शिवाय ते माप तरी कितपत खरे? काढलेला तुकडा आकसतो, फॉर्मॅलिनमध्ये आणखी आकसतो. लेसरने कड भाजते, भाजलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येत नाहीत. अहवालात कडेवर रोग दिसला, तरी तेथला उरलेला अंश लेसरनेच जळून गेलेला असू शकतो. उलट कड स्वच्छ असूनही रोग परततो. कारण तपासले जातात ते त्या तुकड्याचे काही काप, आणि वर्षानुवर्षे धूर सोसलेली शेजारची त्वचाही निर्दोष असेलच असे नाही. अण्णांना हे मुळीच पटेना. गणितात शिल्लक शून्य म्हणजे शून्य!

मला त्या वेळी व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोट यांची हकीकत आठवली. १८७३ साली छत्तीस वर्षांचा एक शिक्षक त्यांच्याकडे आला होता. आमच्याच व्यवसायातला, म्हणून ती ध्यानात राहिली असेल. प्रथम स्वरयंत्र उघडून केवळ गाठ काढली. थोड्याच आठवड्यांत ती पुन्हा वर आली. तेव्हा ३१ डिसेंबरला बिलरोट यांनी सबंध स्वरयंत्रच काढले. कर्करोगासाठी झालेली अशी ही पहिली शस्त्रक्रिया. त्यांचे सहायक गुसेनबाउर यांनी कृत्रिम स्वरयंत्र करून दिले, त्या शिक्षकाला वाचाही लाभली. पण सुमारे सात महिन्यांनी रोग परतला आणि तो गेला. थोडे कापले तेव्हाही परतला, सारे कापले तेव्हाही. ही हकीकत अण्णांना त्या दिवशी सांगितली नाही, हे शहाणपण मला सुचले.

अण्णांपुढे तीन वाटा होत्या: पुन्हा थोडे कापणे, किरणोपचार, किंवा नुसती बारीक नजर ठेवणे. डॉक्टरांनी पहिली सुचविली. सहा आठवड्यांनी त्याच जागची पातळ चकती काढली. तीत रोग सापडला नाही. घरात पेढे वाटले गेले. अण्णांनी तपासणीचे कार्ड देवघरातल्या पोथीत ठेवून दिले. आता पुन्हा जाण्याचे कारण काय?

यावर मात्र मी आयुष्यात प्रथमच त्यांच्याशी भांडलो. परतणारा रोग बहुधा पहिल्या दोनतीन वर्षांत परततो, आणि वेळीच दिसला तर पुष्कळदा स्वरयंत्र राखूनही त्याच्यावर इलाज करता येतो. उशीर झाला, तर बिलरोट यांच्या रुग्णाचे जे सबंध गेले, ते यांचेही जाईल. शेवटी ती हकीकत सांगावीच लागली. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, “त्या मास्तरांना मुलंबाळं होती का हो?”

मला ते ठाऊक नव्हते. वहिनींनी उठून पोथीतून कार्ड काढले. तेव्हापासून दर दीड महिन्याने आम्ही दोघे जातो. सिगारेट सुटली आहे, निदान माझ्यासमोर तरी. येत्या गुरुवारी सातवी खेप.