'पुढील'चा 'पढील' झाला तेव्हा

माझी भाची बदनापूर तालुक्यातल्या गावात राहते आणि कॉलेज सांभाळून घरी टायपिंगची कामं घेते. शिक्षकांच्या प्रश्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अर्ज, लग्नाचे बायोडाटा. लॅपटॉप जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. गेल्या महिन्यात त्याची बिजागरी तुटली, पडदा मान टाकू लागला, म्हणून जालन्याच्या एका दुकानात दुरुस्तीला दिला. तीन दिवसांनी परत आला. पडदा ताठ उभा! तिनं घटक चाचणीचा पेपर टाइप करायला घेतला आणि पहिलीच ओळ उमटली : 'पढील प्रश्नांची त्तरे लिहा.' 'वेळ' या शब्दाची तर नुसती मात्रा आणि 'ळ' उरला होता.

तिचा फोन आला तेव्हा मागून दुल्हाभाईंचा आवाज ऐकू येत होता. "दिवसभर बटणं बडवत बसते, मग मोडणार नाही तर काय! बस झालं ते काम आता." दुकानदार फोनवर म्हणाला होता, "दिला तेव्हा चालू होता. कीबोर्ड गेलाय, नवा टाकावा लागेल." पेपर दुसऱ्या दिवशी शाळेत पोचवायचा होता. पोरगी रडवेली. "खाला, मी खरंच जोरात नाही मारत हो."

मी तिला एवढंच म्हटलं, आधी सगळी बटणं एकेक दाबून पाहा आणि न चालणारी कागदावर लिही. ती लिहून आली : टी, जी, बी आणि वरचा ५ चा आकडा. बाकी सगळं ठीक.

ती इन्स्क्रिप्ट पद्धतीनं टाइप करते. ही मांडणी भारतीय मानक ब्युरोनं १९९१ साली मान्य केलेली आहे. डाव्या हाताला स्वर आणि त्यांच्या मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. त्यात जी म्हणजे ऱ्हस्व उकार, टी म्हणजे दीर्घ उकार, बी म्हणजे 'व'. शिफ्ट धरून जी दाबलं की 'उ'. म्हणजे इंग्रजीची तीन अक्षरं गेली आणि मराठीतले उकार झाडून गेले. दूध लिहायला गेलं तर दध.

आता ही चारच बटणं का? दुल्हाभाईंची मोसंबीची बाग आहे, म्हणून फोन त्यांच्याकडे द्यायला सांगितला आणि त्यांनाच विचारलं, "बागेत एकच झाड सुकलं तर तुम्ही काय बघता?"

"त्याचा ड्रीपर तुंबला असेल."

"आणि एका रांगेतली सगळी झाडं एकाच दिवशी कोरडी पडली तर?"

"मग नळी मुख्य पाइपापासून निसटली."

कीबोर्डचं अगदी तसंच आहे. लॅपटॉपला ऐंशीच्या वर बटणं असतात. प्रत्येकाला वेगळी तार द्यायची तर तारांचा भारा होईल. म्हणून आत प्लास्टिकच्या पातळ थरांवर उभ्या-आडव्या रेषांची जाळी असते, आणि बटण दाबलं की एक उभी आणि एक आडवी रेष तिथं एकमेकींना टेकते. या सगळ्या रेषा शेवटी एका चपट्या रिबनमधून मुख्य बोर्डाला जातात. रिबनचं टोक एका बारीक खाचेत बसतं, वर एक इवलंसं झाकण असतं. टोक केसभर तिरकं बसलं किंवा झाकण नीट मिटलं नाही की एखादी रेष टेकत नाही, आणि त्या रेषेवरची सगळी बटणं एकदम मुकी होतात. (ती शेजारशेजारचीच असतात असं नाही. प्रत्येक कंपनीची जाळी वेगळी.) जोरात मारून बिघडतं ते एखादं बटण, त्याच्या खालची रबरी वाटी फाटते किंवा खालची कात्री निखळते. चार बटणं, तीही दुरुस्ती होऊन आल्याच दिवशी, हाताच्या जोरानं जात नाहीत. दुल्हाभाई गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे नळी बसवताना चुकलं."

तरी खात्री करायला हवीच होती. कंट्रोल, विंडोज आणि ओ ही तीन बटणं एकत्र दाबली की पडद्यावर कीबोर्ड येतो. त्यातल्या जी वर माउसनं टिचकी मारली तर उकार उमटला, म्हणजे विंडोज शाबूत. खरं जी दाबलं की पडद्यावरचं जी उजळायला हवं. ते उजळेना. म्हणजे बोटाचा निरोप आत पोचतच नव्हता. त्या रात्री तिनं पेपर तसाच पुरा केला, अक्षरं बोटांनी आणि उकार माउसनं. अकरा वाजले, पण सकाळी पेपर शाळेत गेला.

त्याच दिवशी दुल्हाभाई स्वतः तिला घेऊन दुकानात गेले. भांडायचं नाही असं मी बजावलं होतं. तिनं फक्त चार बटणांचा कागद पुढे केला आणि म्हणाली, "भाईजान, रिबन एकदा काढून परत बसवून बघा." त्या मुलानं लॅपटॉप उघडला, बॅटरीची पिन सोडवली, झाकण नखानं उचललं, रिबन सरळ करून बसवली. चारही बटणं चालू. मुलगा वयानं तिच्याएवढाच, ओशाळला. पैसे घेतले नाहीत.

हे घरी उघडून करावं असं मी सांगणार नाही. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या पत्र्याला प्लास्टिकनं डकवलेला असतो आणि रिबनपर्यंत पोचायला अर्धं यंत्र सोडवावं लागतं. रिबनचं टोक दुमडलं किंवा चिरलं की मग खरंच नवा कीबोर्ड.

काही वेळा दोष यंत्रात नसतोच. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिलं की विंडोज 'फिल्टर कीज' चालू करायचं का विचारतं. लहान मुलं हो म्हणून मोकळी होतात. मग बटण थोडा वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर येत नाही आणि सगळा कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. सेटिंगमध्ये ते बंद केलं की झालं. पासवर्डातलंच अक्षर बंद असेल, तर लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यातल्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड मिळतो. आणि कीबोर्ड मधूनच फुगून वर आला असेल तर बटणांचा नाद सोडा, खाली बॅटरी फुगलेली असू शकते. लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका, तडक दुकानात न्या.

दुरुस्तीहून लॅपटॉप घेताना पैसे देण्याआधी तिथंच नोटपॅड उघडा आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत प्रत्येक बटण दाबा. दोन मिनिटं लागतात. काय काम केलं ते लिहिलेलं बिल मागा. दुकानदार ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथं बिलाची तारीख विचारतात.