भुलीचं इंजेक्शन आणि महिन्याचा शिधा

दात काढताना देतात तेच भुलीचं लिडोकेन. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटं ते गाठीभोवती टोचायचं, एवढाच उपाय. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने १,५८३ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३मध्ये आले: पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं.

त्याच वर्षी झारखंडमधली चाचणीही गाजली. क्षयरुग्णाच्या घरच्यांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या, तर त्यांच्यातला क्षय ३९ टक्क्यांनी कमी आढळला.

दोन्हींसाठी पैसा सरकारी.

लिडोकेनवर कुणाचं पेटंट नाही, डाळ-तांदळावर तर नाहीच. मग औषध कंपन्या अशा चाचण्यांवर कशाला खर्च करतील? शस्त्रक्रियागृहापासून रेशनच्या पिशवीपर्यंतच्या या संशोधनाचा मागोवा या अंकात घेतला आहे.