कुळाचा शोध की कुळाचा तोरा?

एकाच आडनावाच्या समस्त कुटुंबांचा एकत्रित कुलवृत्तांत प्रसिद्ध करण्याची हौस अलीकडे आपल्या ख्रिस्ती समाजातही बळावू लागली आहे. अशा कार्यात गुंतलेल्या मंडळींची पत्रे आम्हां धर्मगुरूंना येतात. सोबत छापील नमुना असतो आणि आपल्या धर्मग्रामाच्या जुन्या स्नानसंस्कार-वह्यांतून त्या आडनावाच्या सर्व नोंदी उतरवून पाठवाव्यात, अशी नम्र विनंती असते. विनंतीत गैर काहीच नाही. गैर आहे ते नमुन्यात. आमच्या हाती आलेल्या अशा एका नमुन्यात बाप, आजा, पणजा, खापरपणजा यांच्यासाठी रकाने आहेत. मूळ गाव आणि ‘धर्मांतरापूर्वीची जात’ यांच्यासाठी रकाने आहेत. आईसाठी रकाना नाही. ज्ञानपिता आणि ज्ञानमाता यांच्यासाठीही नाही. तळाशी मात्र सूचना आहे की, उच्चवर्णीय घराण्याशी नाते दाखविणारे कागदपत्र अगत्याने पाठवावेत. हा नमुना आम्ही भरलेला नाही आणि भरणारही नाही.

पहिला प्रश्न इतिहासाचाच घेऊ. एक आडनाव म्हणजे एक कूळ, हे गृहीतच मुळात कच्चे आहे. पोर्तुगीज अमदानीत, म्हणजे वसईपुरते बोलावयाचे तर १५३४ ते १७३९ या दोन शतकांत, स्नानसंस्कार घेणाऱ्यास नाव मिळे ते संताचे आणि आडनाव मिळे ते बहुधा ज्ञानपित्याचे, मिशनऱ्याचे अथवा एखाद्या अंमलदाराचे. एकाच ज्ञानपित्यामुळे नाना जातींच्या माणसांना एकच आडनाव लाभणे त्यामुळे सहज शक्य होते. उलट सख्खे भाऊ निरनिराळ्या ज्ञानपित्यांची आडनावे लावू लागले की एक रक्त दोन आडनावांत विभागले जाई. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा पुत्र, परेरा म्हणजे नासपतीचे झाड, सिल्वा म्हणजे अरण्य, आणि सोजा हे तर उत्तर पोर्तुगालमधील एका नदीचे नाव. त्या नदीचे पाणी आपल्या डिसोजांपैकी किती जणांच्या पणजोबांनी प्राशन केले असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा! गोव्यात एकच आडनाव बामण, चारडो आणि सुदीर या तिन्ही गटांत आढळते, हे तर गोमंतकीयांना सांगण्याचीही गरज नाही.

आणि हे केवळ आपलेच आहे असे नव्हे. ज्या खान्देशात आम्ही राहतो तेथे पाटील मराठा आहेत, लेवा आहेत, गुजर आहेत, कोळीही आहेत. चौधरी लेवा आहेत तसेच तेलीही आहेत. ही सारी हुद्द्यांची नावे. हुद्दा गेला, नाव उरले. बहिणाबाई माहेरच्या महाजन आणि सासरच्या चौधरी. त्या ना माहेरच्या आडनावाने थोर ठरल्या, ना सासरच्या. गायकवाड बडोद्याच्या गादीवर बसले, आणि नगर जिल्ह्यातून पोटासाठी रेल्वेत आलेले गायकवाडही आम्ही मिस्सेच्या वेळी शेवटच्या बाकावर पाहिले आहेत. शेवटचेच बाक का, हा प्रश्न आम्ही त्यांना कधी विचारला नाही. उत्तर ठाऊक होते.

भुसावळात तर वंशवृक्ष रुजायला मातीच निराळी. १८६७ साली येथून नागपूरपर्यंत आणि १८७० साली जबलपूरपर्यंतचा लोहमार्ग पूर्ण झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या पाठोपाठ गोव्याचे, मुंबई-साष्टीचे, मंगळूरचे, तामिळ मुलखातले कॅथलिक या जंक्शनात उतरले. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आले. बदलीचा हुकूम निघाला की बिऱ्हाड पुढच्या गाडीने रवाना होई आणि मागे वहीत उरे ती एक ओळ. पण ती ओळ वाचावी! तामिळ फायरमनच्या लेकराची ज्ञानमाता शेजारच्या क्वार्टरमधील गोवेकर गार्डाची पत्नी. मराठी खलाशाच्या मुलीचा ज्ञानपिता मंगळूरचा कारकून. ज्या गावी ना भाऊबंद, ना गोतावळा, तेथे या माणसांनी एकमेकांना स्नानकुंडापाशी नातेवाईक करून घेतले. नमुन्यातून नेमका हाच रकाना गाळला जातो.

ख्रिस्तसभेने वह्या ठेवण्यास सुरुवात का केली, हेही या संशोधकांनी एकदा ध्यानी घ्यावे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने नोव्हेंबर १५६३ मध्ये विवाहांची वही सक्तीची केली आणि स्नानसंस्काराच्या वेळी ज्ञानपित्यांची नावे लिहून ठेवण्याचा आदेशही त्याच वेळी दिला. हेतू कुळाची थोरवी टिपण्याचा नव्हता. चोरटे विवाह थांबावेत आणि निषिद्ध नात्यांत लग्ने होऊ नयेत, एवढाच होता. त्यात रक्ताचे नाते होते तसेच स्नानसंस्काराने जडलेले आध्यात्मिक नातेही होते. ते इतके खरे मानले जाई की त्याची विवाहास बाधा येई. ही बाधा १९८३ च्या धर्मसंहितेने काढली, परंतु चार शतकांहून अधिक काळ ख्रिस्तसभेच्या लेखी कुंडाचे पाणी रक्ताच्या बरोबरीचे होते. आणि रक्ताचे म्हणाल, तर आज बाजूच्या नात्यातील बाधा चौथ्या पायरीपर्यंत, म्हणजे चुलत, आते, मामे, मावस भावंडांपर्यंत पोहोचते आणि तेथे थांबते. आजोबा एक आहेत काय, एवढे पाहिले की ख्रिस्तसभेचे काम झाले. खापरपणजोबांशी तिला कर्तव्य नाही. वसईतील ‘कुपारी’ हे नाव ‘कोम्पाद्रे’ या पोर्तुगीज शब्दापासून आले, असे मानले जाते. कोम्पाद्रे म्हणजे आपल्या लेकराच्या ज्ञानपित्याशी जडलेले आपले नाते. ज्या समाजाचे नावच कुंडावरून पडले, त्याने कुळासाठी कुंड विसरावे, ही गंमतच म्हणावयाची.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. परकी आडनावे लावल्यामुळे आपल्याला परके ठरविण्यात येते. तेव्हा आपण याच मातीतले आहोत हे पुराव्याने दाखविले पाहिजे, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. मंगळूरचे डॉ. मायकल लोबो यांनी तेथील कॅथलिक घराण्यांच्या वंशावळी ज्या चिकाटीने जमविल्या तिच्यापुढे आम्ही नम्र आहोत. आपल्या ब्राह्मण बांधवांचे कुलवृत्तांत महाराष्ट्रात शंभर वर्षे निघत आहेत, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांची नावे आहेत. आपलेही काही असावे, ही इच्छा मानवी आहे. परंतु मातीतला असणे म्हणजे वतनदार असणे, हे कोणी ठरविले? ज्याच्या पूर्वजाच्या नावे सातबारा नव्हता, ज्याला गावकुसाबाहेर राहावे लागले, तो या मातीतला नव्हे काय? देशीपणाचा पुरावा म्हणून प्रत्येक वेळी ब्राह्मण अथवा सरदार मूळपुरुषच सापडावा, कुंभार, मांग वा भिल्ल कधीच सापडू नये, हा संशोधनातला चमत्कार आमच्या अल्पबुद्धीला उलगडत नाही.

याच कागदांची दुसरी बाजूही पाहा. २०२३ सालापासून महाराष्ट्रभर न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी धुंडाळल्या गेल्या. जात-पडताळणीसाठी वंशावळ जोडणारी गरीब मुले आमच्याही दाराशी येतात. आजोबांच्या नोंदीचा उतारा त्यांना कॉलेजच्या प्रवेशासाठी हवा असतो. आणि अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने दारच बंद केले आहे. शिखांसाठी ते १९५६ मध्ये आणि बौद्धांसाठी १९९० मध्ये उघडले, ख्रिस्ती दलितांसाठी नाही. एकाची वंशावळ त्याला न्याय मिळवून देत नाही आणि दुसऱ्याची दिवाणखान्याची शोभा होते. शासनाला आपण सांगतो की ख्रिस्ती झाल्याने जातीचा जाच संपत नाही, आणि आपल्याच कुलवृत्तांतांतून तो जाच छापून घेतो!

हा केवळ शब्दांचा वाद नाही. कुलवृत्तांतात मुलीच्या पणजीपुढे ‘माहेर अज्ञात’ असे छापले गेले म्हणून ठरत आलेला विवाह मोडल्याचे आम्ही पाहिले आहे. कोण होती ती पणजी? १८९९-१९०० च्या छप्पन्नाच्या दुष्काळात देशभर कितीएक लेकरे आईबापांवाचून उरली. पंडिता रमाबाईंनी केडगावला दूरदूरच्या प्रांतांतून दुष्काळपीडित मुली आणल्या. मिशनांच्या अनाथालयांनीही अनेक वाचविल्या. त्यांना नाव दिले त्या अनाथालयाने, आणि आडनाव पुढे नवऱ्याने. अशा स्त्रियांच्या पोटी आपल्यातील कितीतरी घराणी जन्मली आहेत. उपासमारीतून वाचून जिने चार लेकरे वाढविली, तिचे ‘अज्ञात’ माहेर तिच्या पणतीच्या लग्नाआड येते, आणि कुळाची शुद्धता राखल्याचे समाधान संबंधितांना लाभते.

शुभवर्तमानाचा आधारही हे लोक घेतात: मत्तयाने आरंभीच वंशावळ दिलेली नाही काय? दिली आहे. पण ती वाचली आहे काय? चौदा-चौदाच्या तीन पंक्ती बसाव्यात म्हणून मत्तयाने मधले तीन राजे गाळले. आणि जेथे स्त्रियांची नावे देण्याची रीत नव्हती तेथे तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी यांना आणून बसविले. सासऱ्यापासून गरोदर राहिलेली, वेश्या, परजातीची मवाबी, आणि दुसऱ्याची पत्नी! राजे गाळले, या गाळल्या नाहीत. त्याहून मोठी गोष्ट अशी की ही सारी वंशावळ येऊन थांबते ती योसेफापाशी, ज्याच्या रक्ताचा थेंबही येशूच्या देहात नव्हता. प्रभू दाविदाचा पुत्र ठरला तो पालकपित्याच्या नावाने. लूकने तर वंशावळ थेट आदामापर्यंत नेली. तेथे कोणाचे कूळ उच्च ठरणार? संत पौलाच्या नावाने तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या पत्रांत वंशावळींच्या नादी लागू नये असे बजावले आहे, ते काही उगाच नव्हे.

मग आमच्या वह्यांना कुलूपच लावणार काय, असे कोणी विचारील. नाही. ज्याला स्वतःच्या आईबापांची, आजी-आजोबांची नोंद हवी, त्याने यावे. आम्ही धूळ झटकून वही काढू आणि उतारा देऊ. कोणा अभ्यासकाला भुसावळच्या ख्रिस्ती वस्तीचा इतिहास लिहावयाचा असेल, कोण कोठून आले, कोणते काम करीत, कोणत्या साथीत किती दगावले, कोणी कोणाच्या लेकराला कुंडावर धरले, तर त्याच्यासाठी आमची खोली आणि आमचा चहा दोन्ही आहेत. आडनावांची याद्या-जुळवणी करणाऱ्यांना आमची अट एकच: नमुन्यातून जातीचा रकाना काढावा, तेथे आईचे नाव लिहावे, आणि त्याखाली ज्ञानपिता-ज्ञानमाता यांच्यासाठी दोन ओळी मोकळ्या ठेवाव्यात. तसा नमुना छापून आला तर तो भरावयास आम्ही त्याच दिवशी बसू. आमच्या मूळ पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही.