इंजिन कामाला आलंय!

छोट्या गाडीचा पिकअप गेला की गॅरेजमध्ये एकच निदान ठरलेलं असतं: "इंजिन कामाला आलंय, साहेब!" मला या वाक्याची मनस्वी चीड आहे. माणसाला धाप लागली म्हणून कुणी थेट छाती उघडत नाही. आधी नाक चोंदलंय का ते बघतात. पण गाडीचं नाक, म्हणजे एअर फिल्टर, उघडून बघण्यात कमाई ती काय?

मारुती ८०० च घ्या. १९८३ ते २०१४ ही गाडी तयार होत होती. ७९६ सीसी, सिलिंडर मोजून तीन. एक प्लग रुसला की एक तृतीयांश संसार बंद! इंजिन बोंबलतंय, पण वेग वाढत नाही? क्लच घसरतोय. एकच चाक जास्त तापतंय? ब्रेक धरून बसलाय. पेडल तळाला टेकलं तरी थ्रॉटल अर्धाच उघडतोय? केबल ढिली आहे.

हे सगळं बघायच्या आत आपण मान डोलावतो आणि पोराच्या फीचे पैसे त्याच्या हातावर ठेवतो! माझं म्हणणं एवढंच: स्वस्त शंका आधी फेडा. "फिल्टर पाहिलात का?" असं विचारल्यावर मेकॅनिक डोकं खाजवू लागला, तर सरळ गाडी बाहेर काढा. तेवढा पिकअप तिच्यात नक्की असतो.