शहाजीराजांचे बंगळुरू शोधायचे कुठे?

1638 मध्ये आदिलशाही फौजेने केंपेगौडांच्या घराण्याकडून बंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. 1687 मध्ये ते मोगलांच्या ताब्यात गेले आणि तिथून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांकडे. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे हे शहर भोसल्यांचे होते. तरीही शहाजीराजांबद्दल बोलताना आपण पुणे, शिवनेरी, विजापूर अशी नावे घेतो आणि बंगळुरूवरून घाईने पुढे सरकतो.

मी मल्लेश्वरममध्ये राहते. 1898 च्या प्लेगनंतर वसवलेली वस्ती, अशीच या भागाची ओळख करून दिली जाते. ती खरी आहे, पण अपुरी. इथल्या काडु मल्लेश्वर देवळाच्या शिलालेखात 1669 मधली नोंद आहे. एकोजींनी, म्हणजे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजांनी, मल्लपुराच्या मल्लिकार्जुन देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिले. देवळात मी कितीदा तरी गेले होते, पण हा लेख मला भेटला तो घरी, संगणकाच्या पडद्यावर.

त्याचे श्रेय बेंजामिन लुईस राइस यांना. 1837 मध्ये बंगळुरूतच जन्मलेल्या या अधिकाऱ्याने म्हैसूर संस्थानातले हजारो शिलालेख गोळा करून ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे बारा खंड काढले. बंगळुरू जिल्ह्याचा खंड 1905 चा. आज तो इंटरनेट अर्काइव्हवर कोणालाही फुकट वाचता येतो. पण तो माझ्या उपयोगी पडला तो नुसता स्कॅन झाला म्हणून नव्हे. राइस यांनी लेख तालुकावार लावले, प्रत्येकाला क्रमांक दिला, तो कुठल्या गावात कुठे आहे ते लिहिले. मजकूर कन्नड लिपीत दिला, रोमन लिपीत दिला आणि वर इंग्रजी भाषांतरही जोडले. जेमतेम कन्नड वाचणाऱ्या माझ्यासारखीलाही त्यामुळे नेमके पान गाठता येते आणि भाषांतर मुळाशी ताडून बघता येते.

डिजिटल संग्रहाची किंमत मी याच मापाने ठरवते. किती लाख पाने स्कॅन झाली, हा आकडा समारंभात शोभतो. अभ्यासकाला हवे असते ते एवढेच, की आपल्या गावाचे नाव टाकल्यावर कागद हाती लागावा. यादी नसलेला स्कॅन म्हणजे कपाटातून काढून दुसऱ्या कपाटात ठेवलेला कागद.

हे काम मनावर घेतले तर कसे होते, ते याच शहरात दिसते. नृपतुंग रोडवरची मिथिक सोसायटी 1909 मध्ये स्थापन झाली. जुनी संस्था म्हणून तिला पूर्वजांच्या पुण्याईवर बसून राहता आले असते. पण 2021 पासून तिने बंगळुरू परिसरातल्या शिलालेखांचे त्रिमितीय स्कॅनिंग हाती घेतले. देवळातल्या दगडावर तेलाचे थर असतात, चुन्याचे हात मारलेले असतात, अक्षरे झिजलेली असतात. त्रिमितीय प्रतिमेत रंग गळून पडतो आणि फक्त दगडाची चढउतार राहते. प्रकाशाची दिशा बदलली, की जिथे नुसता खडबडीतपणा वाटत होता तिथे अक्षराची खाच दिसू लागते. शंभर वर्षांपूर्वीचे वाचन बरोबर होते का, हे त्यामुळे आज तपासता येते.

याची निकड बंगळुरूकरांना वेगळी सांगायला नको. राइस यांनी नोंदवलेले अनेक दगड रस्त्यांखाली, इमारतींच्या पायात गेले. पुस्तकातले पान हाच आता त्यांचा पुरावा. उलट, 2018 मध्ये हेब्बाळला खोदकामात एक वीरगळ वर आला. गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला, साधारण इसवी सन 750 चा. तो वाचवला जागरूक नागरिकांनी.

आता आपल्याकडे पाहू. शहाजीराजांच्या बंगळुरूची साधने एका भाषेत नाहीत आणि एका गावातही नाहीत. दानलेख कन्नडमध्ये, इथल्याच दगडांवर. दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त, ते इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1922 मध्ये छापून आपल्या हाती दिले. व्यंकोजीराजे पुढे तंजावरला गेले, त्या घराण्याचे मोडी कागद तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ. हे सगळे एका ठिकाणी शोधता येईल अशी सामाईक यादी का असू नये? स्थळ, व्यक्ती, शक, भाषा, कागद कुठे आहे, एवढेच रकाने. आणि नावे देवनागरी, कन्नड, तमिळ, रोमन अशा चारही लिपींत. कागद स्कॅन व्हायला वेळ लागेल, पण यादी उद्यापासून सुरू करता येईल.

कागद खुले केले तर त्यांचा गैरवापर होईल, संस्थेचे उत्पन्न बुडेल, असे म्हटले जाते. उत्पन्नाची चिंता खरी आहे. मोडी वाचणाऱ्या माणसाला नीट पगार मिळालाच पाहिजे आणि तो सरकारने व समाजाने दिला पाहिजे. पण त्यासाठी वाचकाला दाराबाहेर ठेवणे हा उपाय नव्हे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. राजवाडे 1926 मध्ये गेले, राइस 1927 मध्ये. त्यांचे काम आता सर्वांचे आहे. गैरवापराचे म्हणाल, तर मूळ कागद सर्वांसमोर असला की खोटे पकडणे सोपे होते. तो कुलपात असला की ज्याचा आवाज मोठा त्याचा इतिहास खरा ठरतो. आणि जानेवारी 2004 मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन ग्रंथांची, हस्तलिखितांची नासधूस झाली, ती आपण विसरता कामा नये. एकाच खोलीत एकच प्रत ठेवणे हा धोका आहे.

म्हणून महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. गणेशोत्सव, नाटके, कोजागिरी हे सगळे व्हावेच. त्याच्या जोडीला आपापल्या शहरातल्या मराठी खुणांची यादी करण्याचे काम घ्या. ज्यांना कन्नड किंवा तमिळ वाचता येते अशी आपलीच मुले घराघरांत आहेत. त्यांना एकेक खंड वाटून द्या. राइस यांच्या एका खंडातली मराठ्यांशी संबंधित नोंद काढून ती देवनागरीत लिहायला विद्वान लागत नाही, चिकाटी लागते. ती यादी खुली ठेवली, तर पुण्यातल्या अभ्यासकाला बंगळुरूचा दगड सापडेल आणि बंगळुरूच्या अभ्यासकाला पुण्याचा कागद. भोसल्यांच्या त्या पन्नास वर्षांचा इतिहास या दोघांनी मिळूनच लिहायचा आहे.