व्याज सारेच खातात, मुद्दल कोण घालणार?

पाश्चात्त्य रॉक संगीताच्या बाजारात एक रीत आता चांगलीच रुळली आहे. नामवंत वाद्यवृंदाकडून श्रोत्यांना नव्या गीतांची अपेक्षा असते आणि हाती पडते ते मागच्या दौऱ्यातील कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण. गाणी तीच, भर पडते ती टाळ्यांची. ‘ईगल्स’ या अमेरिकी वाद्यवृंदाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९७९ नंतर त्यांचा संपूर्ण नव्या गीतांचा संच आला तो थेट २००७ मध्ये. दरम्यान १९९४ साली त्यांनी जो संच काढला, त्यात नवी गीते अवघी चार होती. उरलेली सारी जुनी, श्रोत्यांसमोर पुन्हा गायिलेली. तरीही त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या.

यवतमाळ, पुसद वा वणी येथील वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. गणेशोत्सव, नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट अशा निमित्तांनी होणारे गाण्यांचे कार्यक्रम आठवून पाहावेत. त्यांतील बहुतेक गाणी ५०-६० वर्षांपूर्वीची असतात. दूरचित्रवाणीवरील ‘नक्षत्रांचे देणे’सारख्या देखण्या कार्यक्रमाने हेच मोठ्या प्रमाणावर केले. गायक नवे, गाणी जुनी. या कार्यक्रमाने अनेक चांगल्या कवींची व संगीतकारांची ओळख पुढच्या पिढीला करून दिली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु जुन्या ठेवीवरील व्याज वाटणे वेगळे आणि ठेवीत भर घालणे वेगळे.

या स्थितीचा दोष कलावंतांच्या आळसाला देऊन मोकळे होणे सोपे आहे. तथापि ते अपुरे ठरेल. नव्या गीताचा सारा खर्च पहिला श्रोता मिळण्यापूर्वीच करावा लागतो. कवीचे मानधन, चाल, वाद्यमेळ, तालमी, स्टुडिओचे भाडे ही सर्व रक्कम आधी गुंतते, आणि गाणे लोकांना रुचेल की नाही याची हमी कोणीच देऊ शकत नाही. याउलट कार्यक्रमाचा खर्च तिकिटांतून वा वर्गणीतून निघालेला असतो. त्याचे ध्वनिमुद्रण हे जवळजवळ जोडउत्पन्नच होय. शिवाय गाणी पारखलेली असल्यामुळे जोखीम नाममात्र उरते.

यात आणखी एका कारणाची भर पडते. बॉमोल व बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की, कारखान्यात यंत्राने उत्पादकता वाढते तशी ती रंगमंचावर वाढत नाही. चार वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जितकी माणसे व जितका वेळ लागत असे, तितकाच आजही लागतो. इतरत्र वेतने वाढत जातात, त्यामुळे मैफल उत्तरोत्तर महाग होते. खर्च वाढला की आयोजकाला सभागृह भरण्याची चिंता लागते, आणि ती लागली की तो खात्रीच्या गाण्यांकडे वळतो. दुसरीकडे मुद्रित संगीत नळाच्या पाण्यासारखे सहज मिळू लागेल, हे डेव्हिड बॉवी या गायकाने २००२ मध्येच ओळखले होते. तसे घडलेही. ध्वनिमुद्रिका व ध्वनिफिती यांची विक्री ओसरली आणि कलावंताचा संसार कार्यक्रमांवर अवलंबून राहू लागला.

येथे एक भेद मात्र ध्यानात घेतला पाहिजे. अभिजात संगीतात निर्मिती प्रत्यक्ष मैफलीतच घडते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास जागा मिळे. तेवढ्यात राग मांडताना गायकांची किती कुचंबणा होत असेल, याची कल्पना करता येते. म्हणूनच पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व अशा गायकांच्या ध्वनिफिती काढताना मैफलींची ध्वनिमुद्रणेही रसिकांपर्यंत पोहोचविली, ती पुनरावृत्ती नव्हती. ते नवे धनच होते. भावगीताची गोष्ट निराळी. तेथे निर्मिती शब्दांत व चालीत होते. ती एकदा झाल्यावर तेच गाणे शंभर वेळा गायिले, तरी संग्रहात एका गाण्याचीही भर पडत नाही.

मग मुद्दल निर्माण होते कसे? याचे उत्तर ‘गीतरामायणा’च्या इतिहासात सापडते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. पुढे दर आठवड्याला एक नवे गीत, अशी वर्षभराची योजना होती. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे, कल्पना केंद्रावरील सीताकांत लाड यांची. यातील एकही गीत तिकिटाच्या विक्रीवर अवलंबून नव्हते. जोखीम सार्वजनिक संस्थेने उचलली होती. पुढे फडके यांनी अनेक दशके गावोगावी ते गायिले, ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि असंख्य गायकांना त्यावर मंच मिळाला. या दीर्घ उत्पन्नाचे मूळ त्या एका वर्षाच्या गुंतवणुकीत आहे.

हेच माडगूळकर १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०१९ मध्ये या शहराने पुन्हा संमेलन भरविले. ज्या जिल्ह्याने कवितेचा असा दोनदा सन्मान केला, त्याच्या मंचांवर आजच्या कवीचे गीत ऐकू येऊ नये, ही विसंगती होय. सुरेश भट अमरावतीचे. त्यांच्या शब्दांना हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिल्या, भीमराव पांचाळे यांनी त्यांच्या गझला मैफलींतून सर्वदूर नेल्या. वऱ्हाडच्या एका नव्या कवीवर कोणी तरी प्रथम विश्वास टाकला, म्हणूनच आज ती ‘जुनी, खात्रीची’ गाणी झाली आहेत. कापसाच्या भावाची, आटलेल्या विहिरीची, गाव सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट आजच्या वऱ्हाडी कवीच्या वहीत असेल. परंतु तिला चाल मिळाली नाही, तर पुढच्या पिढीला आपल्या जिल्ह्याचा हा काळ गाण्यात सापडणार नाही.

यावर जुन्या गाण्यांना बंदी हा उपाय नव्हे. उलट जुनी गाणी हाच नव्याचा विमा ठरू शकतो. जॅक्सन ब्राऊन या अमेरिकी गायकाने १९७७ साली दौऱ्यावर असताना, मंचावर व हॉटेलांच्या खोल्यांत ध्वनिमुद्रित केलेला संच काढला. त्यातील गाणी त्याने पूर्वी कधीच मुद्रित केलेली नव्हती. आपल्याकडे संदीप खरे व सलील कुलकर्णी यांनी २००३ पासून ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम स्वतःच्याच नव्या गीतांवर उभा केला आणि श्रोत्यांनी तो उचलून धरला. नवे ऐकायला श्रोता तयारच नसतो, हा समज यामुळे खोटा ठरतो.

वीस गाण्यांच्या कार्यक्रमात अठरा जुनी ठेवून दोन नवी घातली, तर सभागृह रिकामे होणार नाही. भाडे, ध्वनिक्षेपण व वादकांचे मानधन हा खर्च अठरा गाण्यांनी भागविलेलाच असतो. नव्या दोन गाण्यांसाठी लागतो तो फक्त कवी-संगीतकाराचा मोबदला आणि चार तालमी. जिल्ह्यातील मंडळांनी, महाविद्यालयांनी व यवतमाळच्या आकाशवाणी केंद्राने एवढी अट स्वतःवर घालून घेतली, तरी दरवर्षी काही डझन गाणी निर्माण होतील. त्यांतील बहुतेक विस्मरणात जातील हे खरे. पण राहतील ती दोन-चार गाणी आणखी ५० वर्षांनी कोणाच्या तरी कोजागरीला गायिली जातील. आजच्या मंचाला पूर्वजांनी ठेव ठेवली म्हणून व्याज मिळते आहे. उद्याच्या मंचासाठी ती ठेवण्याची पाळी आता आजच्या आयोजकांची आणि श्रोत्यांची आहे.