चंद्रोदयाची वेळ गावागणिक छापा

चंद्रग्रहण आलं की वर्तमानपत्रात एक चौकट येते: स्पर्श, मध्य, मोक्ष आणि वेध कधीपासून. ग्रहण मध्यरात्रीचं असेल तर एवढ्यावर भागतं, कारण तेव्हा चंद्र साऱ्या राज्याला दिसत असतो. पण चंद्र ग्रहण घेऊनच उगवणार असेल, तर ही चौकट अपुरी पडते. अशा ग्रस्तोदित ग्रहणात आधी कळायला हवं ते एकच, आपल्या गावात चंद्र कधी उगवणार.

८ नोव्हेंबर २०२२ चं ग्रहण आठवा. त्या कार्तिकी पौर्णिमेला खग्रास अवस्था संध्याकाळी ५.१२ ला संपली आणि खंडग्रास ६.१९ ला. कोलकात्यात चंद्र ४.५२ ला उगवला, म्हणून तिथे खग्रासाची शेवटची वीस मिनिटं बाकी होती. मुंबईत तो ६.०१ ला उगवला आणि हाती जेमतेम अठरा मिनिटं राहिली. आम्हा विदर्भातल्यांना मात्र साधारण पाऊण तास मिळणार होता. पूर्वेकडे एक अंश सरकलं की चंद्रोदय साधारण चार मिनिटं आधी होतो. मुंबई आणि गोंदियात सात अंशांहून जास्त अंतर आहे, म्हणजे जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक. तरी आमच्या गावात बहुतेकांनी मुंबईचीच वेळ धरली होती.

मी वर्धा जिल्ह्यात भूगोल शिकवते. त्या संध्याकाळी शाळेतली पोरं घेऊन गावाच्या पूर्वेला कपाशीच्या धुऱ्यावर उभी होते. चंद्रोदयाची वेळ टळली तरी काही दिसेना. क्षितिजालगतची हवा धुरकट होती आणि चंद्राची जी कड आधी वर येते, तीच सावलीत होती. मग खालची डावी कड उजळली. उरलेला चंद्र संध्याकाळच्या आभाळात मिसळून गेला होता. "मॅडम, पौर्णिमेला बीजेची कोर कशी?" सातवीतल्या एका पोरीनं विचारलं.

या एका प्रश्नावर वर्गात आठवडाभर शिकवता येतं. बीजेची कोर पश्चिमेला, सूर्याच्या मागोमाग मावळणारी. ही पूर्वेला, मावळत्या सूर्याच्या बरोबर समोर. मध्ये आपण, आपली पृथ्वी. सूर्य बुडाल्यावर पूर्व क्षितिजावर एक करडा-निळा पट्टा चढत जातो आणि त्याच्या वर गुलाबी छटा असते. तो पट्टा म्हणजे आपल्याच हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. तीच सावली पुढे चंद्रापर्यंत, सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर पोचते. उगवत्या ग्रहणात तिची ही दोन्ही रूपं एकाच दिशेला दिसतात. मध्यरात्रीच्या ग्रहणात हे दृश्य मिळत नाही.

पृथ्वी गोल असल्याचा पुरावाही इथेच आहे. पृथ्वी थाळीसारखी चपटी असती, तर सूर्य क्षितिजावर असताना तिच्या कडेची सावली चंद्रावर एका रेघेसारखी पडली असती. पण उगवत्या चंद्रावरही सावलीची कड वाकडीच असते. ग्रहणातली वाकडी कड पाहून ॲरिस्टॉटलनं पृथ्वी गोल असल्याचं मांडलं. आर्यभटानं इ. स. ४९९ च्या 'आर्यभटीया'त चंद्रग्रहणाचं कारण पृथ्वीची सावली हेच सांगितलं. ही वाकडी कड पाहायला ना दुर्बीण लागते ना चष्मा. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहण्यात कसलाही धोका नाही.

तरीही त्या संध्याकाळी आमच्या गावात कितीतरी घरांची दारं बंद होती, चुली विझलेल्या होत्या. गरोदर बायकांना हलू नका, चिरू नका, बाहेर पाहू नका, अशी ताकीद होती. सावलीनं पोटातल्या बाळाला काही होत नाही. उपाशी-तहानलेलं बसल्यानं मात्र त्या बाईला त्रास होतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना मी एवढंच म्हणते की तुम्हाला पाळायचं तर पाळा, पण लेकीसुनांना उपाशी ठेवू नका आणि नातवंडांना कोंडून ठेवू नका. पंचांगात तुम्ही मोक्षाची जी वेळ बघता, तीही याच सावलीच्या गणितातून येते.

म्हणून संपादकांना माझी विनंती आहे. ग्रस्तोदित ग्रहण असेल तेव्हा निदान प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणची चंद्रोदयाची वेळ छापा आणि ग्रहण किती मिनिटं दिसेल तेही लिहा. मुख्याध्यापकांनी त्या संध्याकाळी शाळेची गच्ची उघडावी, गच्ची नसेल तर पूर्वेला मोकळं शेत शोधावं. आईबाबांनी पोरांना सूर्यास्ताच्या आधीच तिथे न्यावं, चंद्रोदयानंतर दहा मिनिटं काही दिसलं नाही तरी परत फिरू नये. पृथ्वी गोल आहे हे पाठ्यपुस्तकात वाचणाऱ्या मुलांना ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा हक्क आहे, आणि तो मिळवून देणं मोठ्यांच्या हातात आहे.